इंजिन बदलताना पॉवर स्टिअरिंगच्या नळ्या आणि जोडण्या कशा जुळवाव्यात?

दुसरे_इंजिन

नमस्कार. माझ्याकडील जुन्या, मागच्या चाकांना गती देणाऱ्या जपानी बनावटीच्या गाडीत मूळचे चार सिलिंडरचे इंजिन काढून जनरल मोटर्सचे एलएस मालिकेतील व्ही-८ इंजिन बसवण्याचे काम सुरू आहे. इंजिन माउंट, गिअरबॉक्स आणि प्रॉपेलर शाफ्ट यांची जुळणी पूर्ण झाली असून आता पॉवर स्टिअरिंगपाशी काम अडले आहे. पंप नव्या इंजिनासोबत आलेला आहे, स्टिअरिंग रॅक मात्र गाडीचा मूळचाच ठेवायचा आहे. पंपाच्या तोंडाशी ओ-रिंगवर (रबरी गोल कड्यावर) बसणारी नटाची जोडणी आहे, तर रॅककडे जाणारी जुनी दाबाची नळी बॅन्जो बोल्टने (ज्याच्या पोटातील छिद्रांतून तेल जाते अशा पोकळ बोल्टने) बसते. म्हणजे एकाच नळीच्या दोन टोकांना दोन निरनिराळ्या पद्धती आहेत आणि तयार नळी कोठेही मिळणार नाही, हे उघड आहे.

माझे प्रश्न तीन आहेत. आटे नेमके कोणते आहेत हे खात्रीने कसे ओळखावे? दाबाच्या बाजूस रबरी नळी घ्यावी की स्टीलच्या जाळीतील टेफ्लॉनची? आणि एका कंपनीचा पंप दुसऱ्या कंपनीच्या रॅकला जोडल्यावर स्टिअरिंगच्या वागण्यात काही फरक पडतो का? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

तेलदाब

तुमचा पहिला प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावरच अधिक लिहितो. नळी विकत घेण्यापूर्वी चारही तोंडे, म्हणजे पंपाचे दाबाचे व पुरवठ्याचे आणि रॅकचे दाबाचे व परतीचे, स्वच्छ पुसून व्हर्निअर कॅलिपर आणि पीच गेजने (दोन आट्यांमधील अंतर, म्हणजे पीच, मोजणाऱ्या पात्यांनी) मोजावीत आणि कागदावर लिहून ठेवावीत. केवळ नट हाताने बसवून पाहणे हा ओळखण्याचा मार्ग नव्हे. याचे कारण असे की एम१६×१.५ आणि ५/८ इंच-१८ हे दोन आटे फसवे जुळे आहेत. पहिल्याचा बाह्य व्यास १६ मि.मी. आणि पीच १.५ मि.मी., तर दुसऱ्याचा व्यास १५.८८ मि.मी. आणि पीच सुमारे १.४१ मि.मी. एकाचा नट दुसऱ्यात सुरुवातीला छान फिरतो, मग घट्ट होतो, आणि माणसाला वाटते की आटा थोडा मळलेला असेल. तेथे पाना लावला की पंपाचे तोंड कायमचे गेले. एम१४×१.५ आणि ९/१६ इंच-१८ यांचेही असेच आहे, आणि दुर्दैवाने तुमच्या कामात या दोन्ही जोड्या समोरासमोर येण्याची शक्यता आहे. पीच गेजची पाती आट्यावर ठेवून उजेडाकडे धरावी; १.५ आणि १.४१ मधील फरक एका आट्यावर दिसत नाही, पण सहा-सात आट्यांवर पात्याखालून उजेडाची फट स्पष्ट दिसते.

सॅगिनॉ (जनरल मोटर्सचा स्टिअरिंग विभाग) पद्धतीच्या जुन्या पंपांवर ५/८-१८ चा इन्व्हर्टेड फ्लेअर, म्हणजे नळीचे पसरवलेले टोक तोंडाच्या आतील शंकूवर दाबून बसणारी जोडणी, असते. पुढच्या काळातील पंपांवर एम१६×१.५ आणि ओ-रिंग आली. एलएस इंजिनासोबतचा पंप दुसऱ्या प्रकारचा असावा, तरीही मोजल्याशिवाय गृहीत धरू नका, कारण पंप मध्यंतरी कोणी बदललेला असू शकतो.

येथे आणखी एक बारकावा आहे. या पंपाच्या ओ-रिंगच्या जोडणीत ओ-रिंग नळीच्या टोकावर, आट्यांच्या पुढे असते आणि छिद्राच्या तळाशी बसून तेल रोखते. सर्वसाधारण हायड्रॉलिक अडॅप्टरची ओ-रिंग मात्र आट्यांच्या मागे, षट्कोनाजवळ असते आणि छिद्राच्या तोंडाशी असलेल्या तिरप्या कडेवर बसते. आटा एकच असूनही दुसऱ्या प्रकारचा अडॅप्टर पहिल्या प्रकारच्या तोंडात तेल रोखणार नाही. त्यामुळे अडॅप्टर मागताना केवळ ‘एम१६×१.५ ओ-रिंग’ असे न सांगता तो पॉवर स्टिअरिंग पंपासाठीच आहे, हे पाहून घ्यावे.

आता ज्या चुकीमुळे स्टिअरिंग धोकादायक होऊ शकते, ती सांगतो. या पंपाचे दाबाचे तोंड ज्या मोठ्या षट्कोनी तुकड्यात असते, तो तुकडा म्हणजे नुसती जोडणी नाही. त्याच्या आत एक ठरावीक मापाचे बारीक छिद्र असते आणि त्याच्या मागे प्रवाह नियंत्रित करणारा स्पूल (मागेपुढे सरकणारा दट्ट्या) व स्प्रिंग बसलेली असते. इंजिनाचा वेग वाढला की पंप अधिक तेल ढकलू लागतो. त्या छिद्राच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक वाढतो, स्पूल स्प्रिंगविरुद्ध मागे सरकतो आणि जास्तीचे तेल पंपाच्या आतल्या आतच परत फिरवतो. तो तुकडा काढून तेथे मोकळ्या छिद्राचा अडॅप्टर बसवला, तर हा फरक निर्माणच होत नाही आणि इंजिनाच्या वेगाबरोबर रॅककडे जाणारे तेलही वाढत जाते. हमरस्त्यावर, जेथे स्टिअरिंग सर्वांत स्थिर हवे, तेथेच ते सर्वांत हलके होते. म्हणून मूळ तुकडा जागेवरच ठेवावा आणि अडॅप्टर त्याच्या तोंडात बसवावा. तो काढावाच लागला, तर स्पूल आणि स्प्रिंग घरंगळून बाहेर येतील, त्यांची दिशा लक्षात ठेवावी आणि बाहेरची ओ-रिंग नवी घालावी.

लेथ_आणि_फ्लेअर

तेलदाब यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. मी फ्लेअरच्या कोनांबद्दल लिहितो, कारण त्याबाबत बराच गोंधळ आढळतो.

शर्यतीच्या गाड्यांसाठी मिळणाऱ्या एएन जोडण्या आणि कारखान्यांतील जेआयसी हायड्रॉलिक जोडण्या ३७ अंशांच्या फ्लेअरवर बसतात. मोटारींच्या ब्रेकच्या आणि जुन्या स्टिअरिंगच्या नळ्यांवर बहुधा ४५ अंशांचा फ्लेअर असतो. एएन-६ म्हणजे ६/१६, अर्थात ३/८ इंच बाह्य व्यासाची नळी, आणि तिचा आटा ९/१६-१८. याच ३/८ नळीच्या ४५ अंशांच्या जोडणीचा आटा ५/८-१८ असतो, त्यामुळे या मापात चूक आपोआप टळते. मात्र १/४, ५/१६, १/२ आणि ५/८ इंचाच्या मापांत दोन्ही पद्धतींचे आटे तंतोतंत सारखे आहेत. तेथे नट पूर्ण बसतो, पाना लागतो, सर्व काही ठीक वाटते. प्रत्यक्षात दोन शंकू केवळ एका बारीक रेषेवर टेकलेले असतात. परतीच्या बाजूला अशी जोडणी काही काळ तग धरेलही, पण दाबाच्या बाजूला ती गळणारच.

फ्लेअरच्या आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळू नये. तेल रोखण्याचे काम शंकू करतो, आटे केवळ ताण देतात. टेपची एखादी सुटलेली चिंधी रॅकच्या व्हॉल्व्हमध्ये अडकली तर स्टिअरिंग एका बाजूला ओढू लागेल. नट आवळताना अडॅप्टरला दुसरा पाना लावून तो धरून ठेवावा आणि आवळून झाल्यावर नट व अडॅप्टर या दोहोंवर मिळून एक आडवी खूण करावी. पुढे कधीही नुसत्या नजरेने पाहिले तरी जोडणी सैल झाली आहे का, हे कळते.

बॅन्जोच्या बाजूबद्दल: बोल्ट मूळचाच वापरावा, कारण त्याच्या पोटातील आडव्या छिद्रांची जागा आणि लांबी त्या बॅन्जोच्या डोक्याशी जुळलेली असते. दोन्ही बाजूंचे तांब्याचे किंवा ॲल्युमिनिअमचे वॉशर प्रत्येक वेळी नवे घालावेत. रॅकच्या तोंडातून एएन-६ काढणारे अडॅप्टर मिळतात, पण जागा कमी असेल तर बॅन्जोच अधिक सोयीचा, कारण त्याचे तोंड हवे त्या दिशेला वळवता येते.

शर्यतगाडी

नळीच्या प्रश्नाला उत्तर देतो. मी स्टीलच्या जाळीतील टेफ्लॉनची एएन-६ नळी वापरतो आणि सर्वांना तीच सुचवतो. ती उष्णता रबरापेक्षा पुष्कळ अधिक सोसते, बाहेरचा व्यास लहान असल्यामुळे चेसिस आणि एक्झॉस्टच्या मधून सहज जाते, आणि टोके पुन्हा वापरता येणारी असल्यामुळे लांबी घरच्या घरी ठरवता येते. नळी कापण्यापूर्वी जाळीभोवती टेप घट्ट गुंडाळून त्या टेपवरूनच बारीक दात्यांच्या करवतीने किंवा कटिंग चकतीने कापावी. नंतर आतील कण हवेने फुंकून काढावेत. पितळी ऑलिव्ह (जोडणी आवळल्यावर तेल रोखणारे लहान कडे) टेफ्लॉनच्या नळीवर आणि जाळीच्या आत बसवावा लागतो. जाळीची एकही तार ऑलिव्ह आणि टेफ्लॉन यांच्यामध्ये राहता कामा नये. जोडणी पुन्हा उघडली तर ऑलिव्ह नवा घ्यावा.

तेलदाब

शर्यतगाडी यांनी सांगितलेली कृती अचूक आहे, परंतु रोजच्या वापराच्या गाडीसाठी माझे मत वेगळे आहे. व्हेन पंपातून (फिरत्या पात्यांनी तेल ढकलणाऱ्या या पंपातून) तेल एकसंध धारेने येत नाही. प्रत्येक पात्यागणिक दाबाची एक बारीक लहर येते. गाडीच्या मूळच्या दाबाच्या नळीचे रबर मुद्दाम थोडे फुगणारे असते, ज्यामुळे या लहरी त्यातच विरतात. अमेरिकेतील एसएई संस्थेच्या जे१८८ या मानकाचे शीर्षकच अधिक फुगणाऱ्या पॉवर स्टिअरिंग नळीसाठी आहे, आणि कमी फुगणाऱ्या नळीसाठी जे१९१ हे वेगळे मानक आहे. अनेक मूळ नळ्यांच्या पोटात लहरी दाबण्यासाठी एक सर्पिल नलिकाही घातलेली असते. टेफ्लॉन आणि स्टीलची जाळी जवळजवळ फुगतच नाही. परिणामी पंपाचा सूर थेट रॅकमार्गे केबिनमध्ये ऐकू येतो. शर्यतीच्या गाडीत तो कोणाच्या लक्षातही येणार नाही, पण शांत गाडीत तो त्रासदायक होतो.

तुमच्या कामासाठी मला सर्वांत चांगला वाटणारा मार्ग असा: नव्या इंजिनाच्या मूळ नळीचे पंपाकडील धातूचे टोक आणि तुमच्या गाडीच्या जुन्या नळीचे रॅककडील बॅन्जोचे टोक, ही दोन्ही धातूच्या नळीच्या काही लांबीसह जपून ठेवावीत आणि हायड्रॉलिक नळ्या बनवणाऱ्या कारागिराकडून त्यांच्यामध्ये पॉवर स्टिअरिंगसाठीची नवी रबरी नळी क्रिम्प करून (यंत्राने धातूचे कडे दाबून पक्की बसवून) घ्यावी. असे केल्यास एकही अडॅप्टर लागत नाही, आणि जितक्या जोडण्या कमी तितक्या गळतीच्या जागा कमी. कारागिराला तेल कोणते, तापमान किती आणि दाब किती, हे आधी सांगावे. स्टिअरिंग पूर्ण वळवून धरले की अशा पंपाचा दाब साधारणपणे ८० ते १०० बारपर्यंत जातो, म्हणून नळीवर छापलेला कामाचा दाब याहून वरचा असावा. हायड्रॉलिक नळीचा फुटण्याचा दाब बहुधा कामाच्या दाबाच्या चौपट धरलेला असतो. ती चौपट म्हणजे सुरक्षिततेची राखीव आहे, वापरण्याची मुभा नव्हे.

दाबाच्या बाजूस होज क्लिप लावून भागवण्याचा विचार कोणीही करू नये.

रॅकदुरुस्ती

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. होय, फरक पडतो, आणि तो बहुतेकांना गाडी रस्त्यावर आल्यावरच कळतो. जुन्या मोठ्या गाड्यांच्या स्टिअरिंग बॉक्ससाठी केलेला पंप मिनिटाला १० ते ११ लिटरच्या आसपास तेल देतो, तर लहान गाडीच्या रॅकला ७ ते ८ लिटर पुरेसे होते. स्टिअरिंग अधिक हलके होण्यामागे बहुतांशी प्रवाह असतो. दाब केवळ कमाल जोर ठरवतो. गाडी उभी असताना चाके वळवण्यासच ताकद लागत असेल तर दाब पाहावा, आणि गाडी वेगात असताना स्टिअरिंग जिवंतपणा हरवून बसले असेल तर प्रवाह पाहावा. हे दोन उपाय एकमेकांच्या जागी वापरले तर दोष तसाच राहतो.

सॅगिनॉ पंपात दाब मर्यादित करणारा व्हॉल्व्ह स्पूलच्या आतच असतो आणि त्याच्या टोकाखालील पातळ वॉशर वाढवले की स्प्रिंगवरील ताण व त्याबरोबर कमाल दाब कमी होतो. पण दाबमापक जोडल्याशिवाय तेथे हात घालू नये. प्रथम गाडी चालवून पाहा, मग ठरवा.

आणखी एक गोष्ट पट्टा चढवण्याआधी तपासा. व्हेन पंप ठरावीक दिशेनेच फिरायचा असतो. ब्रॅकेट बदलताना पंप पट्ट्याच्या पाठीकडून फिरवला गेला तर दिशा उलटी होते आणि दाब तयारच होत नाही.

दुसरे_इंजिन

सर्वांचे मनापासून आभार. सर्व तोंडे मोजली. पंपाचे दाबाचे तोंड एम१६×१.५ आहे आणि ओ-रिंग खरोखरच आतल्या बाजूस, आट्यांच्या पुढे बसते. रॅकचे दाबाचे तोंड एम१४×१.५ असून बॅन्जो बोल्टही त्याच मापाचा आहे. पंपाच्या षट्कोनी तुकड्यात टॉर्चने पाहिले असता आतले बारीक छिद्र स्पष्ट दिसले, तो तुकडा आता जागेवरच राहील. तेलदाब यांनी सांगितल्याप्रमाणे दोन मूळ टोकांमध्ये नवी नळी क्रिम्प करून घेण्याचे ठरवले आहे.

आता अडचण मार्गाची आहे. उजव्या बाजूचा एक्झॉस्ट हेडर (सिलिंडरांचा धूर एकत्र आणणारा नळ्यांचा संच) नळीच्या सरळ रेषेत येतो. शिवाय मूळ तेलाची टाकी ठेवायला जागा नसल्यामुळे ती फेंडरच्या आतील बाजूस बसवावी लागेल. परतीच्या आणि पुरवठ्याच्या नळ्यांसाठी काय वापरावे?

नळीमार्ग

मार्ग आखताना इंजिन हलते आणि रॅक स्थिर असतो, हे सतत ध्यानात ठेवावे. व्ही-८ इंजिन जोर घेते तेव्हा माउंटवर ते चांगलेच कलते. शिवाय दाब आला की नळीची लांबीही बदलते. मानकांनुसार ती उणे ४ ते अधिक २ टक्क्यांपर्यंत चालते. म्हणून नळी ताणून कधीही बसवू नये. टोकापाशी लगेच वाक देऊ नये, आधी थोडी सरळ लांबी सोडावी. ९.५ मि.मी. आतील व्यासाच्या तारजाळीच्या हायड्रॉलिक नळीची किमान वळणत्रिज्या साधारण १२५ ते १३० मि.मी. असते, तिच्या आत जाऊ नये. नळीवरील छापील रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ राहिली पाहिजे. ती रेषा नळीभोवती फिरलेली दिसली तर नळीला पीळ पडला आहे, आणि पीळ पडलेली नळी दाबाखाली स्वतःच जोडणी सैल करते. क्रिम्प करण्यापूर्वी दोन टोकांचा परस्पर कोन गाडीवरच ठरवून खूण करून द्यावा, कारण नंतर तो फिरवता येत नाही.

हेडरजवळून नळी नेण्याऐवजी धातूची टोकेच थोडी लांब ठेवून रबराचा भाग उष्णतेपासून दूर न्यावा. जेथे अंतर मिळतच नाही तेथे उष्णतारोधक पत्रा हेडरच्या बाजूला आणि वेष्टन नळीवर, असे दोन्ही लावावे. स्टिअरिंगचे तेल जळते. तापलेल्या एक्झॉस्टवर बारीक फवारा पडला तर आग लागते, म्हणून येथे जागेची सबब चालणार नाही.

परतीच्या नळीत दाब थोडा असतो, त्यामुळे लोक हाताशी असेल ती नळी लावतात. रेडिएटर किंवा हीटरची नळी बहुधा ईपीडीएम रबराची असते आणि हे रबर खनिज तेलात फुगून मऊ होते. जे१८९ खूण असलेली पॉवर स्टिअरिंगची परतीची नळी किंवा जे१५३२ ची ट्रान्समिशन कूलरची नळी घ्यावी. व्ही-८ च्या उष्णतेत परतीच्या मार्गावर एक लहान कूलर लावणे मला आवश्यक वाटते. टाकीपासून पंपाकडे येणारी पुरवठ्याची नळी जाड, आखूड आणि पंपाच्या तोंडाएवढ्याच आतील व्यासाची असावी, आणि टाकी पंपापेक्षा उंच असावी.

तेल भरल्यावर पुढची चाके उचलून, इंजिन बंद ठेवूनच स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहावे आणि टाकीतील पातळी राखावी. बुडबुडे थांबल्यावरच इंजिन सुरू करावे. शेवटच्या टोकाला स्टिअरिंग काही सेकंदांपेक्षा अधिक धरू नये, तेल झपाट्याने तापते. गळती शोधण्यासाठी इंजिन चालू असताना नळीवरून हात फिरवू नका. पुठ्ठ्याचा तुकडा धरा. सुईएवढ्या छिद्रातून येणारी धार त्वचेत शिरू शकते, जखम किरकोळ दिसली तरी ताबडतोब रुग्णालयात जावे लागते.

दुसरे_इंजिन

नळी बसवली, गाडी सुरू झाली. दाबाच्या बाजूस कोठेही ओल नाही. मात्र दहा-पंधरा मिनिटांनी टाकीतील तेल फेसाळून दुधाळ रंगाचे होते आणि पंप घुरघुरतो. हवा काढण्याची कृती पुन्हा केली तरी फेस परत येतो. बाहेर तेलाचा थेंबही दिसत नाही.

रॅकदुरुस्ती

बाहेर थेंब नाही आणि आत फेस आहे, म्हणजे हवा पुरवठ्याच्या बाजूने आत ओढली जात आहे. तेथे पंप तेल खेचत असतो, त्यामुळे फटीतून तेल बाहेर न येता हवा आत जाते. टाकीचे आणि पंपाचे नळीचे टोक तपासा. स्क्रूची साधी पट्टी असेल तर ती काढून नळीच्या व्यासाची, आतून गुळगुळीत असलेली क्लिप लावा आणि ती टोकावरील फुगीर कड्याच्या मागे बसली आहे ना, ते पाहा. तसेच परतीचे तेल टाकीत पातळीच्या वरून पडत असेल तरीही फेस होतो. ते पातळीखालीच आत आले पाहिजे.

दुसरे_इंजिन

पुरवठ्याच्या नळीची क्लिप फुगीर कड्यावरच चढलेली होती. नवी क्लिप कड्याच्या मागे बसवल्यावर फेस थांबला आणि घुरघुरही गेली. आता गाडी चालवल्यावर कमी वेगात स्टिअरिंग उत्तम आहे, पण वेग वाढल्यावर मध्यापाशी ते गरजेपेक्षा हलके वाटते. प्रवाह कमी करण्याचा सुरक्षित मार्ग कोणता?

तेलदाब

प्रथम टायरमधील हवा आणि कॅस्टर (पुढच्या चाकांच्या वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) तपासा. व्ही-८ मुळे पुढच्या बाजूचे वजन आणि उंची बदलली असेल तर कॅस्टरही बदललेला असतो, आणि तो कमी झाला की मध्यापाशी हाच हलकेपणा जाणवतो. तो योग्य असेल, तर पंपाच्या त्याच षट्कोनी तुकड्याकडे वळा. कमी प्रवाहाचे, लहान छिद्राचे तुकडे तयार मिळतात. छिद्र लहान झाले की दाबातील तेवढाच फरक कमी प्रवाहावर निर्माण होतो, स्पूल लवकर सरकतो आणि रॅककडे कमी तेल जाते. एका वेळी एकच माप खाली यावे, प्रत्येक बदलानंतर हवा पुन्हा काढावी आणि मोकळ्या रस्त्यावर चालवून पाहावे. गाडी उभी असताना स्टिअरिंग झटकन फिरवल्यावर मध्येच जड पडू लागले, तर छिद्र अति लहान झाले आहे असे समजून मागील मापावर परत जावे. मूळ तुकडा टाकून देऊ नका, त्यावर मूळ छिद्राचे माप लिहून ठेवा.